एक साल, दोन मतदारयाद्या

मॉरिशस आणि श्रीलंका ही नावे आपल्याकडे एका वाक्यात क्वचितच येतात. मॉरिशस म्हणजे मधुचंद्र आणि करचुकवेगिरीचा सोयीस्कर वळसा. श्रीलंका म्हणजे २०२२ मधल्या पेट्रोलच्या रांगा आणि चिनी कर्ज. तरीही या दोन बेटांविषयीच्या आपल्या मतांच्या बुडाशी एकच समजूत आहे. ती आधी तिच्या समर्थकांना मान्य होईल अशा शब्दांत मांडतो.

छोटा देश टिकायचा तर तो एकजिनसी हवा. भाषा अनेक, धर्म अनेक, त्यात मळ्यांसाठी बाहेरून आणलेले मजूर, असे बेट आपसांतल्या भांडणांतच बुडते. म्हणून आधी एक भाषा आणि एक ओळख पक्की करावी, समृद्धी मागून येते. मॉरिशस तरला तो नशिबाने: युरोपने साखरेला भाव दिला, भारताने करसवलत दिली. लंका बुडाली ती चिनी कर्जाने आणि फुकट वाटपाने. तिच्या भाषाधोरणाचा त्यात काही दोष नाही. हा झाला पूर्वपक्ष.

तो पोकळ नाही, त्याच्यामागे वजनदार माणसे उभी आहेत. पुढे नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये मॉरिशसवर अहवाल लिहिला. हिवताप आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्या भरमसाट वाढते आहे, ऊस सोडला तर दुसरे पीक नाही आणि समाज जमातींत विभागलेला आहे, एवढे पाहून त्यांनी या बेटाचे भवितव्य अंधारातच दाखवले. त्याच सुमारास रिचर्ड टिटमस यांच्या समितीने लोकसंख्येच्या बाजूने तीच धोक्याची घंटा वाजवली. १९७२ मध्ये व्ही. एस. नायपॉल यांनी आपल्या निबंधसंग्रहाला ज्या लेखाचे नाव दिले, त्या ‘द ओव्हरक्राउडेड बॅराकून’मधले मॉरिशस म्हणजे बेकार तरुणांनी गच्च भरलेले, बाहेर पडायला दार नसलेले बेट आहे. भाकीत चुकले म्हणून मीड यांची थट्टा करण्याची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे, कारण भरपूर मजूर लागतील असे कारखाने काढा, हा सल्लाही त्यांचाच होता. त्यांचे अर्थशास्त्र बरेचसे बरोबर निघाले. चुकली ती बहुजिनसी समाजाबद्दलची धास्ती, आणि आपल्या पूर्वपक्षाचा सगळा भार तर तिच्यावरच आहे.

उलट बाजूला लंका पाहा. प्रौढ मतदानाचा हक्क तिथे १९३१ मध्ये आला, आशियात जवळजवळ सर्वांच्या आधी. १९४५ पासून, सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरांच्या पुढाकाराने, शिक्षण विद्यापीठापर्यंत मोफत झाले. चहा, रबर, नारळ ही तीन निर्यातपिके हाताशी होती, शिवाय उत्तम बंदर आणि मुरलेली प्रशासनसेवा. १९५० च्या आसपास आशियातल्या नव्या देशांपैकी कुणावर पैज लावायची, असे विचारले असते तर जाणत्यांनी सिलोनचे नाव घेतले असते. मॉरिशसचे नाव कुणी घेतले नसते. ६५,६१० चौरस किलोमीटरचा हा देश, त्याच्यापुढे जेमतेम २,००० चौरस किलोमीटरचे मॉरिशस. माणसे तिकडे सुमारे दोन कोटी वीस लाख, इकडे साडेबारा लाख. आज दरडोई उत्पन्नात मॉरिशस लंकेच्या दुपटीहून पुढे आहे. हे उलटे कसे झाले, हा खरा प्रश्न आहे.

नशिबाचा मुद्दा आधी घेऊ. भारत-मॉरिशस करार १९८२ मध्ये झाला हे खरे. पण भारतीय शेअर बाजार परदेशी वित्तसंस्थांना खुला झाला १९९२ मध्ये, आणि मॉरिशसने परदेशी व्यवहारांच्या वित्तव्यवसायासाठी कायदा केला तोही त्याच वर्षी. मॉरिशसची कापड-क्रांती तर ऐंशीच्या दशकातच होऊन गेली होती. जे घडून गेले त्याचे कारण नंतरच्या घटनेत शोधता येत नाही. २०१६ मध्ये भारताने करारात दुरुस्ती करून भांडवली नफ्यावरची सवलत काढून घेतली, तरी बेट काही बुडाले नाही.

साखरेचा मुद्दा अधिक भक्कम आहे. १९७५ च्या लोमे करारातल्या साखरविषयक तरतुदींनुसार युरोपने हमीभावाने खरेदीचा कोटा ठरवला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, वर्षाला सुमारे ५ लाख टन, मॉरिशसला मिळाला. पण तोच हमीभाव फिजी, गयाना आणि जमेका यांनाही मिळत होता. फिजीत १९८७ मध्ये एकाच वर्षात दोन लष्करी उठाव झाले, २००० मध्ये पुन्हा सत्ता उलथली. घबाड लंकेलाही मिळाले होते: कोरियन युद्धात रबराचे भाव आकाशाला भिडले आणि १९५२ मध्ये चीनशी रबराच्या बदल्यात तांदूळ असा करारही झाला. नशीब अनेक दारांशी आले. ज्याने त्याचे काही केले, त्याच्यापाशी आणखी काहीतरी होते.

आता फुकट वाटपाबद्दल. मॉरिशसमध्ये १९५८ पासून प्रत्येक वृद्धाला, श्रीमंत-गरीब न पाहता, सरकारी पेन्शन मिळते. माध्यमिक शिक्षण सत्तरच्या दशकात मोफत झाले, तांदूळ-पिठाला अनुदान दिले गेले. १९७९ आणि १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करून नाणेनिधीच्या दारात जाण्याची वेळ त्यांच्यावरही आली. लोककल्याणावरचा खर्च देश बुडवतो हे खरे असते, तर मॉरिशस लंकेच्या आधी बुडायला हवे होते.

अर्थनीतीचा मुद्दा तर पूर्वपक्षावरच उलटतो. मॉरिशसने निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा १९७० मध्ये केला. लंकेत जे. आर. जयवर्धने १९७७ मध्ये निवडून आले, दक्षिण आशियात सर्वांच्या आधी बाजार खुला केला आणि १९७८ मध्ये कटुनायकेला तसेच क्षेत्र उघडले. औषध तेच, उशीर फक्त आठ वर्षांचा. तयार कपड्यांचे कारखाने आले, वाढीचा वेगही आला. मग जुलै १९८३ उजाडला. कोलंबोत मतदारयाद्या हातात घेऊन तमिळांची घरे आणि दुकाने शोधली गेली आणि जाळली गेली. त्यानंतरचे युद्ध मे २००९ मध्ये संपले. आधी एक ओळख पक्की करा, समृद्धी मागून येते असे म्हणणाऱ्यांनी या पाच वर्षांचा हिशेब द्यायला हवा: समृद्धी दारात आली होती, आणि ओळख पक्की करण्याच्या खटाटोपानेच तिला आत येऊ दिले नाही.

इथवर खंडन झाले. आता माझा पक्ष. या दोन बेटांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या १९४८ मध्ये, आणि त्या वेगळ्या करणारा प्रश्न एकच होता: मळ्यावरच्या मजुराचे नाव मतदारयादीत असेल की नाही.

दोन्हीकडे मळे ब्रिटिशांच्या राज्यात पसरले, दोन्हीकडे मजूर भारतातून गेले. मॉरिशसमध्ये १८३४ पासून सुमारे साडेचार लाख गिरमिटिये उतरले. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे, काही तमिळ-तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले व घाटावरचे लोकही. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. लंकेत दक्षिण तमिळनाडूतून गेलेल्या लोकांनी आधी कॉफीचे आणि मग चहाचे डोंगर उभे केले. हे डोंगरी तमिळ जाफन्याच्या तमिळांहून वेगळे. त्यांची वस्ती मळ्यावरच्या चाळींत, ज्यांना तिथे आजही लाइन म्हणतात.

सिलोन ४ फेब्रुवारी १९४८ ला स्वतंत्र झाले. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने वडील किंवा आजोबा-पणजोबा या बेटावर जन्मल्याचा पुरावा मागितला. मळ्यावरच्या मजुराकडे असा कागद कुठून असणार? पुढच्या वर्षी निवडणूक कायद्यात दुरुस्ती होऊन मताचा हक्कही गेला. १९४७ च्या निवडणुकीत मतदान केलेल्यांसह सुमारे सात लाख माणसे कुठल्याच देशाची उरली नाहीत. हे कुणा परक्या गव्हर्नराने केले नाही. निवडून आलेल्या संसदेने केले. जाफन्याचे नेते जी. जी. पोन्नंबलम त्याच सरकारात मंत्री झाले. या प्रश्नावर एस. जे. व्ही. चेल्वनायकम पोन्नंबलम यांच्या पक्षातून बाहेर पडले आणि डिसेंबर १९४९ मध्ये त्यांनी फेडरल पक्ष काढला. आज मळ्यातल्यांवर आलेली पाळी उद्या आपल्यावर येईल, हा त्यांचा इशारा होता. ती पाळी सात वर्षांत आली.

मॉरिशसमध्ये उलट घडले. तोवर मत फक्त मालमत्ताधारकांना होते. मतदार जेमतेम बारा हजार. नव्या राज्यघटनेने बेटावर चालणाऱ्या कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत दिले. बासदेव बिसुनदयाळ यांच्या जन आंदोलनाने खेडोपाडी वर्ग काढून उसाच्या मळ्यांतल्या लोकांना अक्षरे गिरवायला शिकवली, ती याद्यांत नाव लागावे म्हणून. ऑगस्ट १९४८ च्या निवडणुकीत मतदार सत्तर हजारांच्या पुढे गेले आणि १९ पैकी ११ जागा हिंदू उमेदवारांनी जिंकल्या. गोऱ्या मळेवाल्यांनी विरोध केला, गव्हर्नराने नेमलेल्या सभासदांनी तोल पुन्हा मागे खेचला. तरी एकदा लागलेले नाव कुणी खोडले नाही. १९५९ मध्ये प्रौढ मतदान सर्वांना मिळाले.

यावर आक्षेप येईल की मॉरिशसमध्ये हक्क इंग्रजांनी दिला, त्यात बेटवासीयांचे शहाणपण ते काय? आक्षेप अर्धा मान्य. पण दिलेला हक्क पुढे सत्ता हाती आलेले लोक टिकवतात की खोडतात, यातच शहाणपणाची परीक्षा असते. सिलोनलाही १९३१ चा हक्क इंग्रजांनीच दिला होता.

लंकेतल्या त्या खोडण्याचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. मतदारसंघ आखले जात ते मतदारांच्या नव्हे, एकूण लोकसंख्येच्या हिशेबाने. डोंगराळ भागात मळ्यावरची माणसे लोकसंख्येत मोजली जात होती, मतात नाही. म्हणजे त्यांच्या डोक्यांवर मिळालेल्या जागा त्यांच्या सिंहली शेजाऱ्यांच्या मतांवर भरल्या गेल्या आणि बहुसंख्याकांचे संसदेतले वजन लोकसंख्येतल्या वाट्याहूनही वाढले. आता अल्पसंख्याकांची मते न मागता बहुमत मिळू शकत होते, आणि दोन्ही मोठे पक्ष एकाच मतपेढीसाठी चढाओढ करू लागले. एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांचा १९५६ चा ‘फक्त सिंहली’ कायदा ही या चढाओढीची पहिली मोठी बोली. पुढच्या वर्षी त्यांनी चेल्वनायकम यांच्याशी तडजोडीचा करार केला, तो भिक्षूंच्या आणि विरोधी पक्षाच्या दबावाखाली १९५८ मध्ये मोडला. १९५९ मध्ये एका भिक्षूनेच त्यांचा खून केला. १९६४ मध्ये सिरिमावो बंदरनायके आणि लालबहादुर शास्त्री यांनी मळ्यावरच्या माणसांची वाटणी केली: ५,२५,००० भारताला, ३,००,००० सिलोनला, उरलेल्या दीड लाखांचे पुढे बघू. ज्यांची वाटणी झाली त्यांना कुणी विचारले नाही, कारण त्यांना मतच नव्हते. शेवटच्या माणसाचा प्रश्न मिटवणारा कायदा व्हायला २००३ साल उजाडले.

मॉरिशसलाही अशी कसोटी आली. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत ५६ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, ४४ टक्के विरोधात. विरोधात मुख्यतः क्रिओल, म्हणजे गुलामांचे वंशज, आणि गोरे. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला काही आठवडे उरले असताना, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. मीड खरे ठरणार असे वाटावे अशीच ती घडी. पण पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ मध्ये स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या गेटन डुव्हाल यांच्याच पक्षाला सरकारात घेतले आणि डुव्हाल परराष्ट्रमंत्री झाले. हे औदार्य नव्हते. एकट्याच्या बळावर राज्य चालणार नाही, हे गणित मतदारयादीनेच घालून दिले होते.

त्या गणिताने अर्थकारणही घडवले. लंकेने १९७२ ते १९७५ मध्ये मळे सरकारजमा केले. मॉरिशसने गोऱ्यांचे मळे तसेच ठेवले आणि साखरेच्या निर्यातीवर चढता कर बसवून त्यातून शाळा, दवाखाने आणि पेन्शन चालवली. उरलेल्या नफ्यातून मळेवाल्यांनीच कारखान्यांत पैसा घातला. निर्यात क्षेत्राच्या कल्पनेमागे एदुआर लिम फॅट हे चिनी वंशाचे प्राध्यापक होते, आणि हाँगकाँगचे भांडवल येण्याची वाट बेटावरच्या चिनी कुटुंबांच्या नात्यागोत्यांतून गेली. फ्रान्सची बाजारपेठ फ्रेंच बोलणाऱ्यांमुळे जवळची होती, आणि यंत्रांवर बसल्या हिंदू, मुसलमान, क्रिओल घरांतल्या बाया. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला या कारखान्यांत ऐंशी हजारांहून अधिक लोक कामाला होते. ज्या विविधतेला पूर्वपक्ष ओझे म्हणतो, तीच या बेटाचे खेळते भांडवल ठरली. लंकेतही शिकलेला, इंग्रजी जाणणारा आणि व्यापारउदीम कळणारा तमिळ वर्ग होता; तो लंडन आणि टोरांटोला गेला.

भाषेचेही तसेच. मॉरिशसच्या राज्यघटनेत देशाची अशी अधिकृत भाषा नाही. संसदेची भाषा इंग्रजी, पण सभासद फ्रेंचमध्ये बोलू शकतो. वर्तमानपत्रे फ्रेंच, घरात क्रिओल, शाळेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी यांपैकी एक घेता येते. गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी मुंबईतून गेलेल्या मजुरांच्या पणतवंडांना मिळते, तशी ती चिनी दुकानदारालाही मिळते. कुरबुरी होतातच: १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकूर देवनागरीच्या खाली गेला म्हणून तमिळांनी निदर्शने केली. सरकारने नोटा मागे घेतल्या आणि क्रम बदलून पुन्हा छापल्या. उधळपट्टीच ती. पण लंकेत लिपीच्या भांडणाची किंमत याहून कितीतरी जास्त पडली; १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय हजारो दुर्मीळ ग्रंथांसह जळाले.

आता पूर्वपक्षाचे शेवटचे दोन बाण. पहिला: लंकेत सिंहली तीन-चतुर्थांश, मॉरिशसमध्ये हिंदू निम्म्याच्या आसपास, तेव्हा तडजोड तिथे आपोआपच होणार. मग फिजी आणि गयाना इथे दोन जमाती निम्म्या-निम्म्या असून तडजोड का झाली नाही? शिवाय लंकेतले बहुमत निसर्गाने जेवढे दिले होते त्याहून मोठे झाले ते कायद्याने. दुसरा: एवढ्याशा बेटाला सांभाळणे सोपे. एवढेसे असणे हेच तर मीड यांच्या निराशेचे कारण होते. त्याच समुद्रातल्या कोमोरोसमध्ये १९७५ नंतर वीसच्या आसपास उठाव किंवा उठावाचे प्रयत्न झाले. तिथला समाज जवळपास सगळा एका धर्माचा आणि एका भाषाकुळाचा.

चिनी कर्जाबद्दल थोडक्यात. लंकेच्या विदेशी कर्जात सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय रोख्यांचा होता, चीनचा त्याहून कमी. २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणणे आणि २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी घालणे हे निर्णय कोलंबोतच झाले. प्रामुख्याने बहुसंख्याकांच्या मतांवर निवडून आलेल्या, पुढे विसाव्या घटनादुरुस्तीने आणखी अधिकार मिळालेल्या राष्ट्राध्यक्षाला थांबवणारा घटकपक्ष सरकारात नव्हता. मॉरिशससारख्या, चार जमातींच्या संमतीवर चालणाऱ्या सरकारात असा निर्णय एका रात्रीत होत नाही. तिथे निर्णय उशिरा होतात ही तक्रार असते, आणि तो उशीर कधीकधी देश वाचवतो.

माझा पक्ष कुठवर जातो तेही सांगायला हवे. मॉरिशस आदर्श नाही. रामगुलाम यांनी १९७२ ची निवडणूक १९७६ पर्यंत लांबवली. पंतप्रधानपद बहुतेक काळ दोन घराण्यांत फिरले. गुलामांचे वंशज असलेल्या क्रिओलांना समृद्धीचा वाटा कमी मिळाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला तेव्हा तो राग रस्त्यावर आला. संसदेतल्या आठ ‘उत्तम पराभूत’ जागा जमातीनुसार दिल्या जातात आणि त्यांचा हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो. त्यासाठी उमेदवारांवर असलेली जमात सांगण्याची सक्ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये चूक ठरवली. सरकारी कर्जही कमी नाही. उलट लंकेत सरासरी आयुर्मान आजही मॉरिशसपेक्षा जास्त आहे, आणि २०२२ च्या आंदोलनात सिंहली, तमिळ, मुसलमान एका मैदानावर बसले होते. माझे म्हणणे एवढेच की माणसांची सरमिसळ देशाला बुडवत नाही. सरमिसळीतल्या काहींना हिशेबातून वगळले की राजकारण उरलेल्यांच्या चढाओढीचे होते, आणि ती चढाओढ अर्थकारणाला गिळते.

हे मत खोडायचे असेल तर पूर्वपक्षाने असे एक बेट दाखवावे, जिथे राबणाऱ्यांची नावे मतदारयादीतून काढली, एक भाषा सर्वांवर बसवली, आणि तरी पुढच्या चाळीस वर्षांत मोफत शाळा, वाढते उत्पन्न आणि शांतता ही तिन्ही एकत्र नांदली. लंकेला सुरुवात इतकी चांगली मिळाली होती की ते उदाहरण तिनेच घालून द्यायला हवे होते. ज्या बेटाने ते दिले नाही, त्याचा दाखला देऊन इतर देशांना एकजिनसीपणाचा उपदेश करणे थांबवावे.